सिक, इल आणि तो तिसरा शब्द

माघातली दुपार होती. आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीवर तुरीचं बियाणं निवडत बसलो होतो. ती सुपात तूर घोळायची, काडीकचरा फुंकून टाकायची आणि दाणे माझ्यापुढे सरकवायची. मी भरीव दाणा गाडग्यात टाकायचो, किडका बाजूला. चाळीस वर्षं हेच. आणि चाळीस वर्षं मी बाजूला टाकलेला दाणा ती उचलून पुन्हा पाहायची, कारण माझ्या नजरेवर तिचा भरवसा नव्हता. त्या दिवशी तिनं एकही दाणा उचलला नाही. मी मुद्दाम चार चांगले दाणे किडक्यात टाकले. तरी ती बोलली नाही. तेव्हा मी विचारलं, काय होऊन राह्यलं तुले.

"काई नाई. सिक हाओ जराशी."

"सिक का इल?"

तिनं सूप खाली ठेवलं. विचार करून सांगायची तिची सवय होती. "इलच म्हना आता," असं म्हणून ती भिंतीला टेकली. अर्धी पायली तूर निवडायची राहिली. त्यानंतर ती कामाला बसली नाही, म्हणून ते आमचं सोबतचं शेवटचं काम.

आमच्यासारख्या घरात हे इंग्रजी शब्द कुठून आले, ते सांगावं लागेल. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत, तीही मास्तरच्या छडीच्या भीतीनं अर्धी बुडवलेली. ती तर शाळेच्या वाटेनं गेली असेल ती गोवऱ्या वेचायला. आमचं गाव रिठदच्या अलीकडे, मोटारीच्या रस्त्यापासून कोसभर आत. इंग्रजी आमच्या गावात येत होती ती फक्त तारेतून.

आमचा एकुलता एक पोरगा पलटणीत. पार वर, पंजाबच्या अंगाला. आमच्या भागातली आणखीही चारसहा पोरं अशीच लांब होती, कोणी पलटणीत, कोणी गिरणीत. त्यामुळे तारा यायच्या आणि जायच्या. गावात तार आली की आधी बायका रडायला लागायच्या आणि मग ती वाचून दाखवणारा माणूस शोधला जायचा. वाचल्यावर कळायचं की कोणाला मुलगा झाला आहे. मग रडणाऱ्याच बायका हसायच्या.

आमच्याकडून जी तार जायची तिचा एक रिवाज पडला होता. घरात माणूस मेलं तर मेलं असं कोणी लिहायचं नाही. पोरगं परमुलखात, एकटं, वाटेत तीन दिवसांची आगगाडी. डब्यात त्याला सावरायला कोण आहे? म्हणून माणूस गेलेलं असलं तरी तारेत 'सीरियस' लिहायचे. म्हणजे लय बिमार आहे, निघून ये. पोरं काय अडाणी होती? त्यांना सगळं माहीत होतं. 'सीरियस' वाचलं की ती समजून जायची की आटोपलं. पण त्याच शब्दाशिवाय रजाही भेटत नव्हती. कोणाचं लग्न जमवायचं असो, वाटणीची बोलणी असो, साहेबापुढे दुसरा कोणताच शब्द चालत नसे. एकाच बैलाला दोन गाड्या जुंपाव्यात तसं लोकांनी त्या शब्दाला जुंपलं होतं. गावातल्या कित्येक म्हाताऱ्या तारेत मरणाला टेकलेल्या आणि घरात पापड लाटत बसलेल्या असायच्या.

मीही तेच केलं. पोराला मुलगी पाहायची होती शिरपूरची. पत्रं पाठवून थकलो, त्याचं एकच उत्तर, रजा नाही. मग मी वाशीमला गेलो. तारघराबाहेर एक जण अर्ज लिहून द्यायचा. त्याला म्हटलं, पोरगा आला पाहिजे. त्यानं काही विचारलं नाही, कलम उचलली आणि 'मदर सीरियस' लिहून मोकळा झाला. मी घरी येऊन तिला सांगितलं की तार केली. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझी चूक तिथून सुरू होते.

सहाव्या दिवशी सकाळी ती अंगणात सडा टाकत होती. फाटकात एक माणूस येऊन उभा राहिला. डोकं सफाचट, मिशी काढलेली, डोळे सुजलेले, हातात पत्र्याची पेटी. तिनं शेणाचा हात तसाच कपाळावर धरून पाहिलं आणि विचारलं, "कोन व्हय रे बाप्पा? कुठून आला?" त्यानं पेटी टाकली आणि वासरासारखा हंबरडा फोडला. तेव्हा आवाजावरून तिला कळलं की हा आपला पोरगा.

झालं असं होतं की तार पाहिल्याबरोबर पलटणीतल्या पोरांनी त्याला सांगितलं, तुझी आई गेली, आता तू पोचेपर्यंत मातीही होऊन जाईल, तेव्हा अकोल्याला उतरलास की आधी न्हावी गाठ. पोरानं तसं केलं. अकोल्याच्या टेसनाबाहेर बसून मिशीसकट सगळं उतरवलं, आणि तीन दिवस पोटात अन्नाचा कण नसताना आईच्या नावानं दारात आला, तर आई सडा टाकून राह्यली.

तिनं त्याला जवळ घेतलं, त्याच्या गोट्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढ्यानं त्याचं सगळं डोकं शेणानं भरलं. मग माझ्याकडे वळली. "तुमी काय लिवलं होतं?"

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही. सांगायचं असलं की म्हशीला सांगायची. "म्हैसबाई, त्यायले सांगा, भाकर झाकून ठेवली हाय." "म्हैसबाई, त्यायले सांगा, पायतन उंबऱ्याभाईर काढत जा." मी म्हशीलाच हो म्हणायचो.

मुलगी पाहायला शिरपूरला जायचं तर ठरलेलं. बायका सहसा जात नसत, पण ती हटून बसली. म्हणाली, मी नाई गेली तं पोट्ट्याचं डोस्कं पाहून त्यायले वाटन का मी खरंच मेली. तर आम्ही तिघं गेलो. मुलीचा बाप भला माणूस. त्यानं गूळपाणी दिलं आणि पोराच्या डोक्याकडे पाहत हळूच विचारलं, "घरात कोन गेलं, बुवा?" मी तोंड उघडायच्या आत पोरानं बोट दाखवलं. "हे माय."

 ती पदर सावरून ताठ बसलेली. आणि दाराआडून एक फिस्कन हसू आलं, मग कोणीतरी दाबल्यासारखं बंद झालं. हसली ती आमची सून. मोटारीत बसल्यावर आमची ही म्हणाली की हेच घर पक्कं करा, पोट्टीले हासू येते. माझ्याशी बोललेलं ते नवव्या दिवसाचं पहिलं वाक्य.

पोराची रजा संपायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला चुलीपाशी बसवलं. म्हणाली, मले सांग, विंग्रजीत दुखन्याले एकच शब्द हाय का? त्यानं सांगितलं, खूप आहेत. सिक आहे, इल आहे. त्या दोन्हींचा अर्थ काय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, दोन्ही एकच, बिमार. हे तिला पटलं नाही. "दोन शब्द असतीन तं दोन दुखनी असतीन. सायेब लोक येका दुखन्याले दोन शब्द कायले ठेवतीन?" पोरानं डोकं खाजवलं. म्हणाला, आमच्याकडे जे परेडीला येत नाहीत त्यांना सिक म्हणतात. आणि इल जरा जास्तीचं असेल. तेवढ्यावर तिनं आपला हिशेब लावून घेतला. सिक म्हणजे चूल पेटवता येते पण फुंकणी दुसऱ्यानं मारायची. इल म्हणजे खाट. आणि तिसरा तो जो मी लिहिला होता, तो तिनं तोंडानंही काढला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्या नावानं थो शब्द पुन्यांदा लिवजा नोका. मी खरंच मरून राह्यली असली तरी बी नोका. पोट्टा तीन दिवस उपाशी आला. खरं असन थेच लिवजा. कबूल करा."

मी कबूल केलं. म्हशीसमोर केलं, कारण तिला साक्षीदार लागत होता.

पुढं हे दोन शब्द घरातले झाले. पहाटे तिचं अंग ठणकत असलं की ती पडल्या पडल्या सांगायची, "आज मी सिक हाओ," आणि मी उठून चुलीपाशी बसायचो. शेजारच्या वहिनीला ताप आला की ती जाऊन पाहून यायची आणि येऊन सांगायची की सिक आहे, इल नाही, लेकीला बोलवायची गरज नाही. एकदा म्हशीनं चारा सोडला तेव्हा मी म्हटलं सिक आहे, ती म्हणाली इल आहे. आमचं त्यावरून अर्धा दिवस भांडण. ढोर उभं आहे तोवर सिक, हे माझं म्हणणं. ढोर सांगू शकत नाही म्हणून त्याला एक पायरी जास्तीची धरायची, हे तिचं. संध्याकाळी म्हैस बसली. ती बरोबर निघाली. माझी दाढ दुखायची तेव्हा मात्र मला दोन्हीपैकी एकही शब्द भेटला नाही. मी कण्हत पडलो होतो, तर ती म्हणाली, "तुमी सिक बी नाई, इल बी नाई. तुमी नुसतेच कण्हून राह्यले." आता कोणी मला विचारलं तर ती दाढ खरंच लय दुखत होती. पण तिच्या लेखी पुरुषाचं दुखणं त्या यादीत बसत नव्हतं.

लग्न झालं, पोरगा वापस गेला, दोनदा रजेवर आला आणि दोन्ही वेळा तारेशिवाय आला. यंदा सून शिरपूरला बाळंतपणाला गेलेली. पौष सरताना तिला मुलगा झाला. घरात आम्ही दोघंच होतो. हे अशासाठी सांगतो की त्या दुपारी ती भिंतीला टेकली तेव्हा माझ्याशिवाय तिला धरायला कोणी नव्हतं.

रात्रीतून ताप चढला. गावच्या वैदूनं काढा दिला. तिसऱ्या दिवशी श्वास घेताना तिची बरगडी आत जाऊ लागली तेव्हा मी छकड्यात कडबा घालून, वर गोधडी टाकून तिला वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं छातीला नळी लावली, पाठीवर ठोकून पाहिलं, सुई दिली. मग मला बाहेर बोलावलं. फुप्फुसात भरलं आहे, वय झालं आहे, ठेवायचं असेल तर ठेवा, पण पोराला बोलवून घ्या असं म्हणाला. मी विचारलं, किती दिवस. तो म्हणाला, दिवस मी सांगत नाही, पण आजच तार करा.

ठेवायचं का ते तिला विचारलं. ती नाही म्हणाली. तिला आपल्या खाटेवर जायचं होतं. तारेचं विचारलं तर डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिली.

"काय लिवसान?"

"तू सांग."

"थो नोका." दम लागला, थांबली. "पुन्यांदा बोडकं करून येईन." हे बोलताना ती हसली आणि त्या हसण्यानं खोकला उसळला. तो थांबल्यावर म्हणाली, "त्याले मनाव, माय जित्ती हाय. गाडीत जेवत ये मनाव."

छकडं तारघरापुढे चिंचेखाली सोडलं. तिच्यापाशी रिठदची एक ओळखीची बाई बसवली आणि मी आत गेलो. ह्या वेळी बाहेरच्या लिहिणाऱ्याकडे गेलो नाही. तारबाबू नागपूरकडचा, चष्मेवाला, मवाळ माणूस. त्याला म्हटलं, बाबूसाहेब, पोरगा पलटणीत आहे, माय बिमार आहे, तो लवकर आला पाहिजे.

त्यानं कागद ओढला. "मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली."

मी म्हटलं, सीरियस नाही. इल लिवा.

बाबूनं मान हलवली. म्हणाला की इल लिहिलं तर तुमच्या पोराचा साहेब रजा देणार नाही. रोज दहा तारा येतात त्याच्याकडे. इल काय, सिक काय, साहेब म्हणेल औषध घ्या. मी विचारलं, आणखी कोणता शब्द आहे? त्यानं सांगितलं, क्रिटिकल आहे. तो कसा, मी विचारलं. तो म्हणाला, सीरियसचाच भाऊ. आणखी? सिंकिंग आहे, म्हणजे बुडत चाललेली. मी म्हटलं, माणूस काय डोंगा आहे का. मागं दोन माणसं खोळंबलेली, त्यातला एक हसला. मला हसू आलं नाही. बाहेर ती कडब्यावर पडलेली होती आणि इथं मी तिच्यासाठी शब्द निवडत होतो, एक घ्यावा तर पोराला रजा भेटत नाही आणि दुसरा घ्यावा तर पोरगा तिला मेलेली समजून तीन दिवस उपाशी येतो.

मी हारलो. खरं सांगतो. म्हटलं, लिवा सीरियस, पोरगा येऊ द्या. बाबूनं लिहिलं. कागद वाजवून शिक्का मारायला घेतला तेव्हा खिडकीतून मला छकड्याचं चाक दिसलं आणि गोधडीचं टोक. मी हात आत घालून कागद धरला.

"बाबूसाहेब, माणूस जित्तं हाय, याले विंग्रजीत काय म्हन्तात?"

"अलाइव्ह."

"मंग थे लिवा. इल अन् अलाइव्ह."

तो म्हणाला, बुवा, असं कोणी लिहीत नाही. जे जिवंत आहे ते जिवंतच असतं, ते कशाला लिहायचं? मी म्हटलं, आमच्या गावाले लिवा लागते. त्याला आमच्या गावचा रिवाज कळलेला असावा, कारण पुढं त्यानं वाद घातला नाही. कागद फाडला, नवा घेतला. मदर व्हेरी इल, अलाइव्ह, कम. व्हेरी त्यानं आपल्या मनानं घातलं. म्हणाला, एवढं राहू द्या, इल एकटा जाणार नाही.

परत येताना मी छकड्याबरोबर पायी चाललो, म्हणजे बैलांना कमी ओझं. ती विचारत होती काय लिहिलं. मी सांगितलं. नवा शब्द तिला दोनदा म्हणून दाखवावा लागला. "अलाव," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "म्हंजे मले आता वाट पाह्यली पाह्यजे."  खरं म्हणजे मीच तिच्यावर ते काम टाकलं होतं. तार गेली होती आणि आता ती खरी ठेवायची तर तिनंच ठेवायची होती.

नंतरचे दिवस ती सकाळी डोळे उघडले की विचारायची, "आज मी कोनती?" मी म्हणायचो, सिक. तिला खोटं कळायचं. "फुंकनी मारता येते का मले?" असं विचारायची. मग मी म्हणायचो, बरं, इल. त्यावर ती मान हलवायची, म्हणजे बरोबर. चौथ्या सकाळी तिनं विचारलं आणि मी इल म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमी मांगं खोटं लिवलं तवा मी आठ दिवस बोलली नाई. लय झाले आठ दिवस." माझ्या मनगटावर तिनं हात ठेवला, तो गरम होता. मी म्हटलं, म्हैस होती ना बोलायला. ती म्हणाली, म्हैस तुमच्यापेक्षा बरं आयकत होती.

पाचव्या दिवशी तिनं विचारलं नाही. न्याहारीच्या वेळी, माझा हात तिच्या पाठीखाली असताना, श्वास थांबला. ऊन ओसरीवर आलेलं होतं.

बायका जमल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. म्हणत होत्या, भाग्याची, कुंकवासंग गेली. असेल तिचं भाग्य. मला त्यात भाग्य दिसलं नाही आणि मी तसं बोललोही. मोठी माणसं म्हणाली, बुढा वेडा झाला. मग तीच माणसं म्हणाली की आता उचला, पोरगा कधी येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, दुपारची मोटार होऊ द्या. माणसं म्हणाली, नाही आला तर? मी म्हटलं, मग मी देतो आग, पण मोटार होऊ द्या. आणि मी रस्त्याला जाऊन उभा राहिलो. घरी बसलो असतो तर वाटेत त्याला कोणीतरी सांगितलं असतं, आणि ते मला नको होतं.

मोटार आली. पोरगा उतरला. डोक्यावर केस होते, मिशी होती. काखेत लाल लोकरीची शाल, तिच्यासाठी घेतलेली. तो जवळजवळ हसतच आला. म्हणाला, "बाबा, तुमी कायले आले इतक्या दूर? माय कशी हाय?"

इतके शब्द शिकलो होतो. एकही उपयोगाचा नव्हता. मी म्हटलं, "सकाळी गेली. तोवर होती."

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मी त्याच्याजवळ बसलो.  मग त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे मी अकोल्याले उतरलो तवा होती?" मी हिशेब केला. पहाटेची गाडी. म्हटलं, होती.

त्यानं आग दिली. न्हावी आला तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो.

संध्याकाळी लोक पांगल्यावर त्यानं सांगितलं की साहेबानं तार दोनदा वाचली आणि विचारलं, अलाइव्ह कशाला लिहिलं आहे. पोरानं त्याला मागची सगळी गोष्ट सांगितली, न्हाव्यापासून शिरपूरच्या गूळपाण्यापर्यंत. साहेब हसता हसता टेबलावर हात आपटायला लागला. म्हणाला, ज्या घरात अशी तार लिहितात तिथं खोटं नसेल, जा. आठ दिवसांची रजा दिली. गाडीत जेवलास का, मी विचारलं. तो म्हणाला, दोन्ही वेळ जेवलो, बाबा, माय जित्ती होती ना. आणि मग तो रडला, तोवर रडला नव्हता.

आठ दिवसांत तेरवी बसत नव्हती. रजा वाढवून घ्यायला तार करायची होती, पण पोराला सुतकात घर सोडता येत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच निघालो. दारात बसायला आलेली माणसं होती, म्हणाली, कालच बाई गेली अन् तू कुठं चालला. मी थांबलो नाही. मोटारीनं वाशीमला गेलो.

तारबाबूनं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.  मग त्यानं कागद घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक्स्पायर्ड लिहितो, बुवा. सगळे तेच लिहितात."

"मांगं तुमी अलाइव्ह लिवलं होतं. त्याच्या उलटा शब्द कोनता?"

"डेड. पण तो फार रोखठोक पडेल. मोठ्या साहेबाच्या टेबलावर जाईल."

मी म्हटलं, त्याच सायबानं मांगचा शब्द वाचून माह्या पोट्ट्याले सोडलं. त्यानं इस्वास ठेवला. आता त्याले गोल गोल काहून सांगू? जित्ती होती तवा जित्ती लिवलं. मेली तं मेली लिवा.

त्यानं लिहिलं. मदर डेड, एक्स्टेंड लीव्ह. मला वाचून दाखवलं. आत जाऊन यंत्रावर बोट ठेवलं आणि कट्ट कट्ट सुरू झालं. ते थांबेपर्यंत मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. मग पावती टोपीत खोचली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालत गेलो.